हँडब्रेक ओढला तरी गाडी सरळच का जाते?

नांगराचं तास संपून ट्रॅक्टर शेताच्या धुऱ्याला आला की चालवणारा एकाच बाजूचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे पेडल दिलेले असतात ते त्यासाठीच. डांबरीवर येताना तेच पेडल खिट्टीने जोडून घ्यावे लागतात. एक चाक अडवलं की बाकीचं धूड त्याच्याभोवती फिरतं, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बर्फात हँडब्रेक ओढून गाडीची शेपूट फिरवणं ही याच्याच जवळची विद्या.

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीपलीकडच्या बर्फात स्वतःची गाडी घेऊन जाणं सोपं झालं. आपल्याकडची मंडळीही जातात, आणि परत आल्यावर एक तक्रार हमखास असते: फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत हँडब्रेक ओढला, पण गाडी फिरलीच नाही. दोष चालवणाऱ्याचा नसतो. ही युक्ती मुळात तशा गाडीची नाहीच.

ती बहरली पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत. १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारी छोटी मिनी त्यातलीच. निसरड्यावर अशा गाडीचं स्टिअरिंग कितीही वळवलं तरी नाक सरळच जाऊ पाहतं. तिच्या हँडब्रेकची केबल मात्र फक्त मागच्या चाकांना जाते. क्षणभर ओढला की ती जाम होतात, घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड उरत नाही, आणि शेपूट बाहेर फेकली जाते. पुढची चाकं ओढतच राहतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये कसलंही नातं नव्हतं, म्हणूनच हे जमत होतं.

रॅलीच्या जगात ते नातं रुजवलं ऑडीने. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना इल्टिस ही साधी लष्करी फोर बाय फोर गाडी जास्त ताकदीच्या गाड्यांना भारी पडली. त्यातून १९८० मध्ये क्वाट्रो आली. १९८१ मध्ये हानू मिक्कोलाने तिच्यावर स्वीडनची बर्फातली रॅली जिंकली. त्याच वर्षी मिशेल मुतों सानरेमो जिंकून जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी पहिली स्त्री ठरली. पुढे याच क्वाट्रो नावाच्या गाड्या आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या गेल्या, हे मला आजही अभिमानाचं वाटतं.

पण चारही चाकं एका शाफ्टने बांधली आणि मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) लॉक केलं, की हँडब्रेकचा जोर शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंतही पोचतो. मागची जाम झाली की पुढचीही अडतात. मग वळवायला काहीच उरत नाही. म्हणून त्या काळचे चालक उजवा पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबत, किंवा वळणाआधी गाडी उलट्या बाजूला झुलवून घेत. थारसारख्या गाडीत, जिथे मधलं डिफरन्शियलच नाही, फोर-हाय (चारही चाकं जोडणारा गिअर) टाकल्यावर आजही हेच घडतं. वर शाफ्ट आणि गिअरवर ताण येतो तो वेगळाच.

यावरचा उपाय म्हणजे हँडब्रेक ओढताच ते नातं तात्पुरतं तोडणं. २००१ च्या लान्सर इव्होल्यूशन ७ मध्ये मधला क्लच हँडब्रेकचा इशारा मिळताच सैल पडे. २०११ ते २०१६ या काळात जागतिक स्पर्धेतल्या रॅलीगाड्यांना मधलं डिफरन्शियल ठेवायला बंदी होती, तेव्हा हँडब्रेकचा लिव्हर ओढल्यावर मागची बाजू सुटी होईल अशी सोय होती. शेंद्र्यातच तयार झालेल्या स्कोडा येटी फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं जोडणारा-सोडणारा हॅल्डेक्स कंपनीचा क्लच होता. मागच्या चाकांना ताकद द्यायची की नाही, हे त्यात संगणक ठरवी.

आता हँडब्रेकचा लिव्हरच नाहीसा होत चालला आहे. बटणाचा पार्किंग ब्रेक चालत्या गाडीत धरून ठेवला, तर बहुतेक गाड्यांत तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून चारही चाकांना लागतो आणि चाकं जाम होऊ देत नाही.