निखाऱ्यावरची कोंबडी (मुंबईतील घरगुती पद्धत)

उघड्यावर शेगडी मांडून कोंबडी निखाऱ्याच्या आचेवर भाजणे किंवा लाकडाच्या धुरात सावकाश शिजवणे. मुंबईत हे इमारतींच्या गच्च्यांवर, गावठाणांतल्या आणि कोळीवाड्यांतल्या अंगणांत चालते. हंगाम थंडीचा. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो आणि नुसता धुमसतो, त्यामुळे गटारीला कोंबडी कितीही खपली तरी ती बहुतेक रश्श्यातच जाते. शेगड्या बाहेर निघतात त्या ३१ डिसेंबरच्या सुमारास.

भाजणे आणि धुरात शिजवणे ही दोन वेगळी कामे आहेत. भाजताना जाळीवरची आच २०० अंश सेल्सिअसच्या वर असते. धुरात शिजवताना कोंबडी निखाऱ्यापासून दूर, झाकणाखाली, साधारण ११० ते १३५ अंशांवर राहते. दीड किलोच्या कोंबडीला अडीच-तीन तास सहज लागतात. घरोघरी दिला जाणारा धुंगार (शिजलेल्या मांसात वाटी ठेवून तिच्यातल्या निखाऱ्यावर तूप सोडणे) हा तिसराच प्रकार. त्याने वास छान येतो, पण मांस शिजत नाही. त्याला ‘स्मोक्ड’ म्हणणे बरोबर नाही.

मुंबईतली पहिली अडचण दुकानातच येते. इथले चिकनवाले पिसांबरोबर कातडीही सोलून देतात, ‘विथ स्किन’ असे आधी सांगावे लागते. कातडी नसेल तर छातीचा भाग चोथ्यासारखा कोरडा पडतो. मग दही आणि तेलाचा जाड थर हवाच. कातडी असेल तर लिटरभर पाण्याला ५० ते ६० ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या पाण्यात कोंबडी चार-पाच तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवावी, मग पुसून रात्रभर उघडी सुकवावी. सुकलेली कातडी कुरकुरीत होते, ओली रबरासारखी. मसाला ज्याच्या त्याच्या घरचा: ईस्ट इंडियनांकडे (मुंबईतला जुना ख्रिस्ती समाज) बॉटल मसाला, कोळ्यांकडे कोळी मसाला. गावठी कोंबडी या कामाला घेऊ नये. ती चवीला सरस, पण चिवट. तिची जागा रश्श्यातच आहे.

आख्खी कोंबडी भाजायची तर पाठीचा कणा कात्रीने कापून काढावा आणि ती पुस्तकासारखी उघडून दाबावी. जाडी सारखी झाली की मांडी आणि छाती जवळपास एकाच वेळी शिजतात. पेटवायला नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) उत्तम. रॉकेलचा वास मांसात उतरतो. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबावे आणि ते शेगडीच्या एकाच बाजूला ओढावेत. कोंबडी आधी रिकाम्या बाजूला, झाकून, तंगड्या आचेकडे करून ठेवावी. शेवटची पाच-सात मिनिटे निखाऱ्यावर. बहुतेक गच्च्यांवर नेमके उलटे होते: सुरुवातीलाच चरबीचे थेंब चर्र करत निखाऱ्यावर पडतात, जाळ उठतो, कातडी काळी होते आणि हाडाजवळ कच्चे राहते. ही एक घाई टाळली तरी निम्मे काम झाले.

शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला लाल रंग पूर्ण शिजल्यावरही मांसात उतरतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंमुळे कातडीखाली गुलाबी कडा येते. भरवसा थर्मामीटरचा: सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंचा धोका त्या तापमानाला संपतो. मांडी ८० अंशांपुढे गेली तर अधिकच मऊ लागते. कच्च्या कोंबडीचे ताट शिजलेल्या तुकड्यांना वापरू नये.

धुरासाठी आंबा, पेरू किंवा बाभळीचे वाळलेले लाकूड चांगले. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, सामानाचे खोके कधीच जाळू नयेत. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर कडवटपणा देतो. मुंबईकर चांगला धूर चाखतात तो बहुधा शहराबाहेर, अलिबाग-पेणकडच्या पोपटीत. तिथे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. मडक्यात पाणी घालत नाहीत; पाला आणि शेंगांच्या वाफेवरच सगळे शिजते.

धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो, हा या प्रकाराचा खरा प्रश्न आहे. थंडीत मुंबईची हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. तो व्यावसायिक भट्ट्यांपुरता आहे, पण वरच्या मजल्यावर दम्याचा रुग्ण असेल तर त्याला दोन्ही धूर सारखेच. सोसायटीला आधी विचारावे. शेगडीखाली विटा आणि वाळू घालावी, नाहीतर गच्चीचे वॉटरप्रूफिंग जाते. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नये. तिथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, म्हणून पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून मगच राख डब्यात भरावी.