मळ्याचं पाणी

पणजीतल्या मळा या जुन्या वस्तीतून उठून पर्वरीला, ताळगावला, मेरशीला राहायला गेलेली माणसं वर्षातून एकदा हमखास परत येतात, मारुतीच्या जत्रेला. टेकडीवरच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर, खाजं आणि चण्यांच्या दुकानांच्या गर्दीत एकमेकांना ओळखतात आणि रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्याच तासभर बोलत राहतात. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचे गुडघे गेले, कुणाचं घर विकलं. बोलणं कुठूनही सुरू होवो, थोड्या वेळाने ते पाण्यावर येतं. कुणाला फोंतीवरची, म्हणजे झऱ्यावरची, रांग आठवते, कुणाला ओरेंच्या खाडीत पकडलेल्या कुर्ल्या, कुणाला आषाढातल्या रात्री घरात शिरलेलं पाणी आणि घाईघाईने खाटेवर चढवलेला पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला, तांदूळ. मीही त्यांच्यातलाच एक. हे टिपण त्या गप्पा शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या, पण मळ्यात न वाढलेल्या पोरांसाठी आहे. त्यांना गोष्टी ठाऊक आहेत, त्यांच्यामागचं कारण कुणी सांगितलेलं नाही.

आधी जमिनीचं सांगायला हवं. पणजीच्या मधोमध आल्तिनो ही जांभ्या दगडाची टेकडी आहे. जांभा सच्छिद्र. पणजीत वर्षाला जवळपास ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातला थोडा पाऊस टेकडी पोटात घेते आणि उन्हाळ्यापर्यंत पायथ्याशी झऱ्यांतून सोडत राहते; उरलेला उतारावरून धावत खाली येतो. पूर्वेच्या पायथ्याला जी वस्ती झाली तिला पोर्तुगिजांनी फोंताईनस म्हटलं, म्हणजे लहान लहान झरे. तिला लागून दक्षिणेला मळा. एक नाव त्यांच्या भाषेतलं, एक आपल्या. दोन्ही नावांत ओल आहे. वस्तीच्या पलीकडून ओरेंची खाडी वाहते. भरतीला मांडवीचं पाणी त्या वाटेने आत येतं, ओहोटीला परत जातं. वरून टेकडीचं पाणी आणि समोरून नदीचं, या दोहोंच्या मध्ये मळा बसलेला आहे. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पणजी मुळात ताळगावचा एक वाडा. मांडवीकाठी आदिलशाही राजवाडा, १५४१ मध्ये उभी राहिलेली चर्च, माडांची भाटं म्हणजे बागा, बाकी खाजनं म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतं, मिठागरं आणि दलदल. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने पणजीपासून रायबंदरपर्यंत तीन किलोमीटरहून लांब दगडी पूल बांधला, तोही या दलदलीतूनच. आजही रायबंदरच्या वाटेवर एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांच्या चौकटी दिसतात. पणजी कशी होती हे बघायचं असेल तर तिथे बसमधून उतरून पाच मिनिटं उभं राहावं. जुन्या गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, साथींनी माणसं मरू लागली तसा राज्यकारभार हळूहळू खाली सरकला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय आदिलशाहाच्या राजवाड्यात राहायला आला. १८२७ ते १८३५ या काळात आधी गव्हर्नर आणि मग व्हाइसरॉय असलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने वाळूच्या टेकाडांची माती दलदलीत घालून सरळ रस्ते आखले. १८४३ मध्ये ही नवी वस्ती नोव्हा गोवा या नावाने अधिकृत राजधानी झाली.

हे सांगण्याचं कारण असं, की जत्रेच्या गप्पांत ‘पूर्वी सगळं जसंच्या तसं होतं, आता बिघडवलं’ हे वाक्य हटकून येतं. आमच्या आजोबांच्या आजोबांनाही पणजी जशीच्या तशी मिळालेली नव्हती. ज्या जमिनीवर आम्ही लगोऱ्या खेळलो तीसुद्धा कुणीतरी भर घालून केलेली होती. तक्रार खोटी नाही. फक्त तिची सुरुवात आपल्या लहानपणापाशी धरता येत नाही.

फोंताईनसचं मूळ सांगताना मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या एका गोवेकराचं नाव निघतं. लोक त्याला मोस्मीकार म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथं त्याचं माडांचं भाट होतं, आणि राजधानी आली तशी भाटात घरं उठली. सरकारी कारकून आले, शिंपी आले, रांदपी म्हणजे आचारी आले, जहाजावरचे खलाशी आले. अरुंद गल्ल्या, रस्त्यावर उघडणारे लाकडी कठडे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. सां सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, आज जो खुरीस (क्रूस) आहे तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून निघालेला. राजवाड्यात बराच काळ राहून तो १९१८ मध्ये इथे आला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. लहानपणी आम्ही त्या डोळ्यांना भीत असू आणि तरी फेस्ताला आत जात असू, कारण शेजारच्या मावशीने हात धरलेला असे.

मळ्याची बाजू वेगळी. इथे हिंदू घरं जास्त. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला महालक्ष्मीचं देऊळ १८१८ चं. पोर्तुगीज अमलाखालच्या पणजीत उभं राहू दिलेलं ते पहिलं देऊळ. एवढी परवानगी मिळायला किती काळ जावा लागला ते त्या सालावरूनच कळतं. १९०८ मध्ये पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरच्या मूठ मूठ तांदळातून मुलांना मराठी शिकवायचं, ही तिच्या नावातच असलेली कल्पना. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धर्माच्या बाबतीत कायदा सर्वांना सारखा झाला आणि भजनं, मराठी नाटकं, वाचनालयं यांना मोकळी हवा मिळाली. आमच्या घरात बोलणं कोंकणीतून, आरती मराठीतून आणि आजोबांचे सरकारी कागद पोर्तुगीजमधून, अशी तीन भाषांची वाटणी होती. कुणाला त्यात अडचण वाटत नसे. चतुर्थीला घुमट या वाद्यावर आरत्या रंगल्या की फोंताईनसमधली पोरं दारात येऊन बसत, आणि नाताळाला त्यांच्याकडून कोंसुवादाचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट येई. आम्ही ते नेवऱ्या घालून परत पाठवायचो. रिकामं ताट परत करायचं नाही हा दोन्ही घरांचा नियम.

आता फोंतीचं. आल्तिनोच्या पायथ्याचे दोन झरे सगळ्या पणजीला ठाऊक: मळ्यातला फोंत फेनिक्स आणि दुसरा बोका द व्हाका, म्हणजे गायीचं तोंड. पोर्तुगिजांनी त्यांना दगडी बांधणी केली, पण पाणी टेकडीचं. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी पणजीत आलं ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपायच्या जेमतेम काही वर्षं आधी. तोपर्यंत शहर विहिरींवर आणि या झऱ्यांवर जगलं. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, काठीची घुंगरं वाजायच्या आधी बायका कळश्या घेऊन फोंतीवर हजर. आजी सांगायची, की कुणाच्या घरी काय शिजलं, कोण आजारी, कुणाचा मुलगा आफ्रिकेहून आला, हे सगळं रांगेतच कळे. रांगेत हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र उभे असत. सोवळ्याचं पाणी भरणाऱ्या बाया मात्र थोडं अंतर ठेवून. तेही आजीने लपवलं नाही. नळ आल्यावर काम हलकं झालं. ‘पण मग आम्ही एकमेकींना चतुर्थीपुरत्याच भेटू लागलो,’ असं ती म्हणायची. नळाला तिने कधी नावं ठेवली नाहीत. सहा मुलांच्या घरात पाणी वाहून तिची कंबर गेली होती.

घरांच्या रंगांचं कौतुक आज जो तो करतो. त्याचंही नातं पावसाशी. दर वर्षी पाऊस संपला की घराला रंग द्यायचा, ही पोर्तुगीज काळापासूनची रीत, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला. म्हणून बाकीची वस्ती पिवळी, निळी, गेरूची लाल. चार महिने शेवाळ धरलेल्या भिंती दसरा-दिवाळीच्या सुमारास खरवडल्या जात, आणि त्या ओल्या चुन्याचा वास हीच आमच्या सुट्टीची वर्दी असे.

खाडीबद्दल बोलताना म्हातारी माणसं हातवारे करू लागतात. रुआ द ओरें या खाडीकाठच्या रस्त्यावरच्या घरांची तोंडं पाण्याकडे. ओहोटीला चिखलात उतरून कुर्ल्या धरायच्या, भरतीला गळ टाकून शेवटे मासे. पलीकडे पाटोच्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. रात्री तिकडे दिवा दिसत नसे. तिथे भर पडत गेली, बसस्थानक आलं, १९८० नंतरच्या काळात पाटो प्लाझाच्या इमारती उठल्या, बँका आणि सरकारी कार्यालयं आली. शहराला जागा हवी होती, हे खरं. पण चढत्या भरतीचं पाणी पूर्वी ज्या दलदलीत पसरायचं ती दलदलच बुजली. इकडे आल्तिनोवर बांधकामं वाढली तसं जमिनीत मुरणारं पाणी कमी होऊन धावणारं पाणी वाढलं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली, की टेकडीच्या पाण्याला खाडीत जायला वाट राहत नाही आणि ते मळ्यातच थांबतं. पाणी आमच्याही लहानपणी यायचं. तेव्हा ते ओहोटीबरोबर उतरायचं. आता उतरायला वेळ घेतं आणि त्याला गटाराचा वास येतो, हा फरक माझ्या ओळखीच्या प्रत्येक जुन्या रहिवाशाने सांगितला आहे.

माणसं गेली कशी, हा प्रश्न नातवंडं विचारतात. पुरामुळे गेली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं कारण घराच्या कागदात आहे. मळ्यात आणि फोंताईनसमध्ये बरीच कुटुंबं भाड्याने राहत. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळालं, आणि ते गरजेचं होतं. पण भाडी तिथेच थिजली. मालकाला कौलं परतायलाही परवडेना, भाडेकरू दुसऱ्याच्या घराला खर्च करीना. दुसरं कारण वारसा. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची रीत चालत आली. तिच्यात मुलगा-मुलगी सारखे वारस आणि नवरा-बायकोचा निम्मा निम्मा हक्क. मुलींना वाटा देणारा हा कायदा मला अभिमानाचा वाटतो. मात्र दोन पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस वारस होतात, त्यातले काही मुंबईत, काही लिस्बनला, आणि सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत छताचे वासे वाकतात. कुलूप लागलेली घरं दिसतात त्यांच्यामागे बहुधा भांडण नसतं, नुसती सह्यांची वाट पाहणं असतं.

त्याच वेळी मांडवीपलीकडे जमीन मोकळी होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मांडवीवर पूल झाला आणि पर्वरीचं पठार पणजीच्या हाताशी आलं. माझ्या वडिलांनी तिथे छोटा प्लॉट घेतला. ५ जुलै १९८६ ला पूल कोसळला तेव्हा आमच्या घराच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. मग पुन्हा फेरीबोट. पणजी-बेतीच्या धक्क्यावर ऑफिसात जाणाऱ्यांची, दूधवाल्यांची, शाळकरी पोरांची गर्दी. सामान वेळेवर पोचेना, गवंडी येईनात, आणि घर पुढे दोन वर्षं रखडलं. ती दोन वर्षं आम्हाला मळ्यात जास्त मिळाली, आणि माझ्या बहुतेक आठवणी त्याच दोन वर्षांतल्या आहेत. नवा पूल नव्वदीत आला. २००० मध्ये विधानसभाही पर्वरीला गेली आणि तिच्या मागोमाग नोकरदारांची घरं.

रिकाम्या झालेल्या घरांत मग अतिथिगृहं आली, खानावळी आल्या, चित्रांची दालनं आली. यामुळे काही घरं वाचली. नाहीतर ती पडलीच असती. पण फोंताईनसच्या गल्लीत आज सकाळी नऊ वाजता रंगीत भिंतीसमोर छायाचित्रांसाठी रांग लागते, आणि त्याच भिंतीमागे कुणीतरी आजारी आईला पेज भरवत असतं. रहिवाशांनी दारांवर ‘छायाचित्रं काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. त्या पाट्यांचीही छायाचित्रं निघतात, आणि त्याने मला फार वाईट वाटतं.

२०१६ मध्ये पणजीची स्मार्ट सिटी म्हणून निवड झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहराचे रस्ते पुन्हा पुन्हा खणले गेले: मलवाहिन्या, पावसाळी गटारं, केबली. रस्ता खणला की परत करताना तो बोटभर, वीतभर वर येतो. त्याआधीच्या पन्नास वर्षांतही डांबरावर डांबर पडतच आलं होतं. जुनी घरं होती तिथेच राहिली आणि रस्ता उंच झाला, म्हणून आता पुष्कळ दारांतून बाहेर पडताना चढावं लागतं.

जत्रेच्या रात्री आमच्यात दर वर्षी एक वाद होतो. एका मोठ्या पुरात पाणी जुन्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं? शेजारचे काका तिसरी म्हणतात, माझी थोरली बहीण चौथी. या वर्षी दोघं मोजायलाच गेले. घर बंद होतं, जिन्याला कुलूप होतं, पण बाहेरच्या पायऱ्या दिसत होत्या. काकांनी वरून मोजल्या, बहिणीने खालून, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की सगळ्यांत खालची पायरी, जिच्यावर बसून आम्ही पाणी ओसरायची वाट पाहायचो, ती रस्त्याच्या डांबराखाली गेली आहे.