खेळाडू मुलींचा थकवा: लोहाची कमतरता आणि ऊर्जेची कमतरता

खेळणारी मुलगी सतत थकलेली दिसू लागली की लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि विषय मिटवायचा, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की त्या थकव्याचे कारण वेगळे असू शकते, ही शंकाही कोणाला येत नाही. लोहाची कमतरता सर्वांच्या परिचयाची आहे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की ती लक्षात येते. मात्र ते ठीक असतानाही शरीरातला साठा आटलेला असू शकतो, म्हणून हा साठा दाखवणारे फेरिटिनही तपासावे. तिच्याविषयी एवढे पुरे.

खरा घोळ ऊर्जेच्या कमतरतेबाबत होतो, कारण ती असलेली मुलगी उपाशी दिसत नाही. ५० किलो वजनाच्या मुलीच्या अंगात १० किलो चरबी आहे, ती दिवसाला १,८०० कॅलरी खाते आणि त्यांतल्या ६०० सरावात खर्च होतात, असे धरू. उरलेल्या १,२०० म्हणजे चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३०. साधारण ४५ पुरेशा मानतात, आणि ३० च्या खाली शरीराचे बिनसण्याची शक्यता बरीच वाढते. तिचे ताट पाहून ‘ही कमी जेवते’ असे कोणी म्हणणार नाही. वजनही घटेलच असे नाही, कारण शरीर काटकसर करते आणि ज्या कामांवाचून आजचा दिवस निभावतो ती लांबणीवर टाकते. पाळी हे त्यांतलेच एक काम.

म्हणून या दोहोंतला फरक थकव्यात न शोधता पाळीत शोधावा. लोह कमी असलेल्या मुलीला अनेकदा पाळीत रक्तस्राव जास्त होत असतो; ऊर्जा कमी पडणाऱ्या मुलीची पाळी लांबते, तुटक होते किंवा थांबते. अर्थात दोन्ही एकाच मुलीत असू शकतात. ‘सराव जोरात आहे, पाळी जायचीच’ हे कौतुकाच्या सुरात सांगणाऱ्या प्रशिक्षकांची मला मनस्वी चीड येते, कारण पाळीबरोबर हाडे जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होऊन नडगीला सूक्ष्म फ्रॅक्चर होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीवर स्वतंत्र निवेदन काढले, तरीही हा समज हटत नाही. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. गर्भधारणा, थायरॉइड यांसारखी इतर कारणेही तेच तपासतील.

पाळी ‘आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या देणे हा तर शुद्ध देखावा आहे. त्या गोळ्यांमुळे दर महिन्याला होणारा रक्तस्राव म्हणजे पाळी परतली असे नव्हे. उलट ती परतली की नाही हे कळण्याची एकमेव सोपी खूण त्यामुळे झाकली जाते. खाणे वाढवून आणि काही काळ सराव कमी करूनच ती परत येते, आणि त्याला अनेकदा काही महिने लागतात.