'नाना', पंधरा वर्षं आणि मागे आलेली फाइल

रिमांड म्हटलं की शेजाऱ्याला पोलीस कोठडी आठवते. माजी सैनिकाच्या घरात त्याचा अर्थ वेगळा. अपंगत्व पेन्शनचं अपील मंजूर नाही, नामंजूरही नाही. आणखी कागद आणा, लष्कराच्या डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ पुन्हा बसेल.

1961 च्या पेन्शन नियमावलीपासून दोन अटी चालत आल्या: आजार सेवेमुळे झालेला किंवा सेवेत बळावलेला हवा, आणि अपंगत्व किमान 20 टक्के. 1982 च्या नियमांनी सैनिकाच्या बाजूने बरंच लिहिलं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सर्वसाधारणपणे सेवेतलाच धरायचा, सिद्ध करायचं ओझं सैनिकावर नाही, शंकेचा फायदा त्याला. प्रत्यक्षात मंडळाच्या कागदावर चार इंग्रजी आद्याक्षरं येत: 'एनएएनए', म्हणजे सेवेमुळे नाही आणि सेवेत वाढलेलाही नाही. ती सरळ वाचली की 'नाना' होतं. या नानांनी जितक्या फायली अडवल्या, तितक्या कोणा खऱ्या नानांनी अडवल्या नसतील.

त्यावर कडी म्हणजे अलाहाबादचं लष्करी पेन्शनचं लेखा कार्यालय रुग्णाला न बघताच मंडळाचं मत फिरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये हे चूक ठरवलं. तो अधिकार काढणारं सरकारी पत्र निघायला फेब्रुवारी 2001 उजाडला.

खरी गुंतागुंत 2008 च्या नियमांची. दावेदाराला सहसा पुरावा मागू नये, हे वाक्य राहिलं, पण पुढे जोड आली: निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी, सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झाल्यावर दावा केला, तर सिद्ध करायची जबाबदारी दावेदाराची. जुने कागद कायम सांभाळता येत नाहीत, हे खरं. पण कागद जाळणार एक आणि उत्तर देणार दुसरा, हा हिशेब मला तरी पटत नाही. तोफखान्यातल्या माणसाचं ऐकू येणं काही निवृत्तीच्या दिवशीच बंद होत नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढतो, मग घरचे चिडतात, आणि अर्ज करायचं सुचेपर्यंत नातवंडं शाळेत जाऊ लागतात.

2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 1982 च्या नियमांचा अर्थ पक्का केला: मंडळाने कारण लिहायलाच हवं, नुसता शेरा चालणार नाही. गंमत अशी की फायली मागे जाण्याचं एक निमित्त यातूनच मिळालं. कारण नाही? मग लिहून आणा. 2014 मध्ये टक्केवारी वर नेण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला, 20 टक्के असले तरी 50 धरायचे. त्यामुळे 19 आणि 20 मधल्या एका टक्क्यावर भांडणं वाढली. आता कित्येक आदेशांत ठरावीक काळापुरती पेन्शन मिळते आणि पुढचं फेरतपासणी मंडळावर सोपवलेलं असतं. सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त होणाऱ्यांना आणखी नवे नियम.

गोव्यातल्या माणसाला यात प्रवासही आला. पूर्वी पणजीच्या खंडपीठात रिट करता येई. 2009 नंतर लष्करी लवाद आला, त्याचं आपल्यासाठीचं पीठ मुंबईला. पेडण्याहून रात्रीची कोकणकन्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत डिस्चार्ज बुक आणि घडीवर फाटत चाललेला दुखापतीचा अहवाल. मूळ प्रत युनिटकडे मागितली, तर उत्तर एका ओळीचं येतं: मुदतीनंतर नष्ट.