स्पेशल टीम्सची पुनर्बांधणी (एनएफएल)

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या प्रोफेशनल लीगमधल्या टीममध्ये ऑफेन्स आणि डिफेन्स सोडून एक तिसरं खातं असतं, बॉलला किक मारायची, समोरच्याने मारलेली किक झेलून पळायचं, नाहीतर ती किक हवेत जायच्या आधीच अडवायची, एवढंच त्याचं काम, आणि त्याला स्पेशल टीम्स म्हणतात. हे खातं बिघडलं की कोच, खेळाडू, सरावाचा वेळ आणि पैसा असं सगळीकडून ते परत उभं करावं लागतं, ही नोंद त्याबद्दल आहे. उदाहरण मुख्यतः ग्रीन बे पॅकर्सचं घेतलंय, कारण 2015 ते 2022 मध्ये त्यांनी या खात्याचा कोऑर्डिनेटर (खात्याचा मुख्य कोच) चार वेळा बदलला आणि तरी दुखणं पूर्ण गेलं नाही.

खात्यात साधारण सहा युनिट धरतात: किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), किकऑफ रिटर्न, पंट (बॉल सोडून देताना समोरच्याकडे लांब मारलेली किक), पंट रिटर्न, फील्ड गोल (पॉइंटसाठी खांबांमधून मारायची किक) आणि फील्ड गोल ब्लॉक. प्रत्येकात अकरा जण. मॅचमध्ये यांचे प्ले मोजून पंचवीस-तीस होतात, पण एकेका प्लेमध्ये चाळीस-पन्नास यार्ड इकडचे तिकडे होतात म्हणून त्याचं वजन जास्त. शिवाय चूक झाली तर ती सगळ्या स्टेडियमला दिसते. ऑफेन्समध्ये एक पास चुकला तर पुढचा डाऊन म्हणजे पुढची संधी असते, पंट ब्लॉक झाला तर पुढे काही नसतं, बॉल समोरच्याकडे आणि बहुतेक वेळा तुमच्याच एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे बॉल नेला की पॉइंट) दारात.

या कामासाठी वेगळा कोच ठेवायची पद्धत तशी जुनी नाही. 1969 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या जॉर्ज ॲलनने डिक व्हर्मीलला आणि फिलाडेल्फिया ईगल्सने मार्व लेव्हीला खास या कामावर घेतलं, ते दोघं अशा पहिल्या काही कोचपैकी, आणि दोघंही पुढे हेड कोच म्हणून सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत गेले. जॉन हारबॉ पण ईगल्समध्ये बरीच वर्षं हेच खातं सांभाळून मग 2008 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचा हेड कोच झाला. तरीसुद्धा टीमचं बजेट ठरताना हे खातं शेवटी येतं, आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

बिघडतं कसं

एनएफएलच्या रोस्टरवर (टीमच्या यादीत) 53 जण असतात आणि मॅचच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त 48 कपडे घालून तयार असतात. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारा) हे तिघं सोडले तर स्पेशल टीम्ससाठी म्हणून वेगळी माणसं नसतातच, जे स्टार्टर (पहिल्या पसंतीचे) नाहीत तेच पळतात, म्हणजे चौथा-पाचवा रिसीव्हर, बॅकअप लाइनबॅकर, तिसरा सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा), दुसरा टाइट एंड. आता सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) घट्ट असेल आणि क्वार्टरबॅक, लेफ्ट टॅकल, पास रशर अशा महागड्या जागांवरच्यांना मोठे करार दिलेले असतील तर या खालच्या पंधरा-वीस जागा स्वस्त रूकींनी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंनी) भराव्या लागतात, आणि रूकी कॉलेजात स्टार असल्याने त्याने पंट कव्हरेजमध्ये चाळीस यार्ड धावून कुणाला आडवं पाडायचं काम आधी फारसं केलेलंच नसतं. त्यात कुणी स्टार्टर जखमी झाला की बॅकअप वर जातो आणि त्याने सोडलेल्या चार युनिटमधल्या चार जागा एकदम रिकाम्या पडतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ही युनिट्स ढासळतात, ऑगस्टमध्ये कितीही बरी दिसली तरी.

सगळ्यात बोलकं उदाहरण 2010 च्या सॅन डिएगो चार्जर्सचं. त्या सीझनला एकूण यार्डच्या हिशोबात त्यांचा ऑफेन्स लीगमध्ये पहिला आणि डिफेन्सही पहिला, आणि टीम 9-7 (9 विजय, 7 हार) होऊन प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या बाहेर! पहिल्याच मॅचमध्ये कॅन्सस सिटीच्या डेक्स्टर मॅक्लस्टरने 94 यार्डचा पंट रिटर्न करून टचडाऊन मारला (बॉल एंड झोनमध्ये नेला), मग सिॲटलमध्ये लिऑन वॉशिंग्टनने एकाच मॅचमध्ये दोन किकऑफ थेट टचडाऊनपर्यंत नेले (101 आणि 99 यार्ड), मग ओकलंडने दोन पंट ब्लॉक केले, एकाची सेफ्टी झाली (म्हणजे समोरच्याला दोन पॉइंट), दुसऱ्याचा टचडाऊन. तिन्ही मॅच ते आठ किंवा कमी पॉइंटांनी हरले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा कव्हरेजचा हुकमी माणूस कासिम ऑसगुड जॅक्सनव्हिलला गेला होता, तो रिसीव्हर होता पण ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड व्हायची ती स्पेशल टीम्सवर. अशा माणसाला सोडताना कागदावर काहीच जात नाही असं वाटतं, बोंब होते ती सीझन सुरू झाल्यावर. 2011 मध्ये ते खातं दुरुस्त करायला चार्जर्सनी टँपा बेहून रिच बिसाचियाला आणलं. हे नाव पुढे परत येणारे.

ग्रीन बेचं प्रकरण

18 जानेवारी 2015 ला सिॲटलमध्ये एनएफसी चॅम्पियनशिपला (सुपर बोलच्या आधीची सेमीफायनल) पॅकर्स हाफटाइमपर्यंत 16-0 पुढे होते. सिॲटलचा पहिला टचडाऊन आला तो खोट्या फील्ड गोलवर, होल्डर (किकसाठी बॉल जमिनीवर धरणारा) पंटर जॉन रायनने बॉल उचलून थेट पास दिला, आणि शेवटी सिॲटलची ऑनसाइड किक (बॉल परत मिळवायला मुद्दाम मारलेली आखूड किक) पॅकर्सच्या ब्रँडन बॉस्टिकच्या हातातून निसटली. ओव्हरटाइममध्ये पॅकर्स 28-22 ने हरले. कोऑर्डिनेटर शॉन स्लोकमला काढलं आणि त्याचाच असिस्टंट रॉन झुक वर आला. 2019 मध्ये नवा हेड कोच मॅट लाफ्लूरने शॉन मेनेंगाला आणलं, दोन वर्षांनी त्यालाही काढून 2021 ला मॉरिस ड्रेटनला बसवलं, जो झुकच्या वेळेपासून तिथेच असिस्टंट होता. म्हणजे दोनदा बढती घरातल्याच माणसाला. हे स्वस्त आणि सोयीचं पडतं, पण जी पद्धत मोडलीये तिच्यातच वाढलेला माणूस ती मुळापासून बदलेल ही अपेक्षा जरा जास्तच.

2021 मध्ये तर सगळं एकदम आलं. पंटर कोरी बोहोर्केझ ऑगस्टमध्ये रॅम्सकडून ट्रेडने आला, म्हणजे किकर मेसन क्रॉस्बीचा होल्डर ऐन सीझनच्या तोंडावर बदलला, आणि नोव्हेंबरमध्ये लाँग स्नॅपरही बदलला. फील्ड गोलला स्नॅपपासून किकपर्यंत जेमतेम 1.3 सेकंद मिळतात, त्यात स्नॅपर-होल्डर-किकर या तिघांची लय असते, ती बिघडली की पाय चांगला असूनही किक चुकते. क्रॉस्बीच्या 34 पैकी 25 च खांबांमधून गेल्या. तरी टीम 13-4 होती, क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स त्या वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पत्रकार रिक गॉसेलिन दरवर्षी स्पेशल टीम्सचं रँकिंग काढतो, त्यात ग्रीन बे शेवटून पहिले, 32 वे.

22 जानेवारी 2022, प्लेऑफ, पॅकर्सचं घरचं मैदान लॅम्बो फील्ड, समोर सॅन फ्रान्सिस्को 49अर्स. पहिल्या हाफच्या शेवटी क्रॉस्बीची 39 यार्डची किक ब्लॉक. दुसऱ्या हाफचा पहिलाच किकऑफ डीबो सॅम्युअलने 45 यार्ड नेला. पॅकर्स 10-3 पुढे, पाचएक मिनिटं राहिलेली, आणि जॉर्डन विलिसने बोहोर्केझचा पंट ब्लॉक केला, तालानोआ हुफांगाने बॉल उचलून 6 यार्डवरून टचडाऊन. मग रॉबी गोल्डची शेवटच्या क्षणाची 45 यार्डची किक, आणि तिच्यासमोर पॅकर्सचे मैदानात दहाच जण! 49अर्स 13-10 ने जिंकले. 49अर्सच्या ऑफेन्सने एकही टचडाऊन केला नव्हता. ड्रेटनची नोकरी गेली.

या वेळी बाहेरून माणूस आणला, तोच बिसाचिया. 2021 मध्ये जॉन ग्रुडनने राजीनामा दिल्यावर त्याने लास व्हेगास रेडर्स हंगामी हेड कोच म्हणून सांभाळून प्लेऑफपर्यंत नेले होते, म्हणजे लॉकर रूममध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि हीच गोष्ट इथे कामाची, कारण या कोचला स्टार्टर मागून घ्यावे लागतात. पंटवर स्टार्टर सेफ्टी उतरवायचा की नाही, सरावात किती मिनिटं द्यायची, शेवटच्या पाच जागांवर कोण ठेवायचं, यात हेड कोच आणि जनरल मॅनेजरने ऐकलं नाही तर प्लेबुक कितीही भारी असो, उपयोग शून्य. ग्रीन बेने ऐकलं. 2023 मध्ये त्याला असिस्टंट हेड कोचही केलं.

त्याच्यामागोमाग रेडर्समधून कॉर्नरबॅक कीशॉन निक्सन आणि सेफ्टी डॅलिन लेव्हिट आले, शिकागोहून पंटर पॅट ओ'डॉनेल आला. मोठी नावं कुणीच नाहीत, आणि नकोच होती, कारण पुनर्बांधणीची पहिली फेरी अशाच माणसांवर चालते ज्यांना कोचची भाषा आधीच येते, ते सरावात बाकीच्यांना नुसतं करून दाखवतात आणि अर्धं काम होतं. पण लगेच सगळं सुधारलं असं नाही हां. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने एकाच मॅचमध्ये त्यांचा पंटही ब्लॉक केला आणि फील्ड गोलही. रिटर्नर म्हणून ड्राफ्टच्या (कॉलेजचे खेळाडू टीम्सनी फेऱ्यांमध्ये निवडायची पद्धत) तिसऱ्या राउंडला घेतलेला अमारी रॉजर्स बॉल सोडत राहिला, ड्राफ्टची किंमत डोक्यात ठेवून टीम त्याला चालवत राहिली, शेवटी नोव्हेंबरमध्ये सोडून दिलं. मग निक्सन मागे उभा राहिला आणि चित्रच पालटलं, 1 जानेवारी 2023 ला मिनेसोटाविरुद्ध 105 यार्डचा टचडाऊन, किक रिटर्नच्या यार्डात लीगमध्ये पहिला, आणि 2022, 2023 दोन्ही वर्षं फर्स्ट टीम ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात. ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला माणूस! गॉसेलिनच्या यादीत ग्रीन बे 22 वे झाले.

एक भिंत बांधेपर्यंत दुसरी गळायला लागते, हे पण इथेच दिसतं. 2023 ला क्रॉस्बीच्या जागी सहाव्या राउंडचा रूकी अँडर्स कार्लसन आणला, तो सीझनभर किक चुकवत राहिला आणि जानेवारी 2024 मध्ये परत 49अर्ससमोर प्लेऑफला चौथ्या क्वार्टरमध्ये 41 यार्डची चुकली, 24-21 हार. 2024 ला ब्रेडन नार्व्हेसन, 17 पैकी 12, ऑक्टोबरमध्ये घरी. मग अनुभवी ब्रँडन मॅकमॅनस आला, पहिल्याच मॅचमध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदाला 45 यार्डची मारून जिंकून दिलं आणि सीझनला 21 पैकी 20 मारल्या. माझ्या मते किकर हा या सगळ्या कामाचा सगळ्यात फसवा भाग आहे, तरुण किकर कॅपच्या हिशोबात स्वस्त पडतो पण त्याला शिकवायचा खर्च टीम मॅच हरून भरते. पंटरच्या बाबतीत मात्र नशीब बरं लागलं, आयर्लंडमध्ये जन्मलेला डॅनियल व्हेलन 2023 पासून आहे आणि त्याचा पाय जबरदस्त आहे.

17 नोव्हेंबर 2024 ला शिकागोमध्ये उलटा हिशोब झाला. शिकागो बेअर्सची शेवटची 46 यार्डची किक पॅकर्सच्या कार्ल ब्रुक्सच्या बोटांना लागली आणि पॅकर्स 20-19 ने जिंकले. फील्ड गोल ब्लॉक युनिटकडे सरावात सगळ्यात कमी लक्ष जातं, खरं तर किकर किक किती खाली ठेवतो आणि गार्ड-सेंटरमध्ये कुठली फट उघडते हे व्हिडिओवर बघून आखता येणारं काम आहे ते. पण सप्टेंबर 2025 मध्ये परत तेच: क्लीव्हलंडमध्ये 10-10 असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात मॅकमॅनसची किक ब्लॉक होऊन 13-10 हार, आणि पुढच्याच आठवड्यात डॅलसमध्ये 13-0 पुढे असताना एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची एका पॉइंटची किक) ब्लॉक झाला, डॅलस काउबॉइजनी तो पळवून दोन पॉइंट घेतले, मॅच 40-40 बरोबरीत सुटली.

नियम बदलले की परत सुरुवात

किकऑफ 2011 मध्ये 30 वरून 35 यार्ड लाइनवर आला, मग 2016 ला टचबॅक (किक एंड झोनमध्ये जाऊन रिटर्न न झाल्यावर ठरलेल्या रेषेवरून खेळ सुरू करणं) 25 यार्डवर, आणि हळूहळू रिटर्न बंदच पडले, फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये 13 किकऑफ झाले, 13 च्या 13 टचबॅक. त्यामुळे बऱ्याच टीम्सनी रिटर्नर आणि कव्हरेजवाले ठेवणंच कमी केलं. 2024 ला नवीन किकऑफ आला, किकर 35 वर एकटा, बाकी दहा जण समोरच्याच्या 40 यार्ड लाइनवर, रिटर्नवाले पाच-दहा यार्डवर त्यांच्यासमोर, आणि बॉल खाली पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत कुणी हलायचं नाही. लांबून वेगात येऊन धडकणारा जुना कव्हरेजवाला इथे कमी कामाचा, जवळून ब्लॉक सोडवणारे लाइनबॅकर आणि टाइट एंड जास्त कामाचे. 2025 मध्ये टचबॅक 35 यार्डवर नेला, म्हणजे बॉल एंड झोनमध्ये मारणं परवडेना, आणि ज्यांनी रिटर्नर न ठेवता जागा वाचवली होती त्यांना तो परत शोधावा लागला, एकाऐवजी दोन, कारण नवीन पद्धतीत मागे दोघं उभे असतात.