अर्थिंगचा खड्डा आणि केबलची जाळी

मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह चालू केला की भट्टीच्या तापमानाचा आकडा वीस-पंचवीस अंशांनी नाचायचा, बंद केला की पुन्हा जागेवर. कारखान्यात सगळ्यांचं निदान एकच: अर्थिंग नीट नाही. नवा खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं. आकडे नाचतच राहिले.

अर्थिंग असतं माणसासाठी. यंत्राच्या अंगाला फेज टेकला तर प्रवाहाला सोपी वाट मिळावी, ब्रेकर पडावा आणि हात लावणारा वाचावा. हे सगळं वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचं काम. त्या वारंवारतेला मीटरभर तारेच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तारेच्या असलेल्या विरोधामुळे, होणारा अडथळा जेमतेम ०.३ मिलिओहम असतो. ड्राइव्ह मात्र सेकंदाला हजारो वेळा स्विच होतो आणि त्याचा विजेचा गोंगाट कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत जातो. १० मेगाहर्ट्झला तीच मीटरभर तार ६० ओहमच्या आसपास अडवते. मग लांबवरचा खड्डा त्या गोंगाटाच्या काय कामाचा? शिवाय त्या प्रवाहाला जमिनीत जायचंच नसतं, जिथून निघाला त्या ड्राइव्हकडे त्याला परतायचं असतं. उडत्या विमानात कुठे खड्डा असतो? तरीही तिथली उपकरणं बिनघोर चालतात.

शील्डिंगचं काम वेगळं. सिग्नलच्या तारांभोवतीची जाळी शेजारच्या केबलमधून उडी मारून येणारा प्रवाह स्वतःवर झेलते आणि माघारी वळवते. भट्टीचं तापमान मोजणारं के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा जोड, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे १ मिलिव्होल्ट गोंगाट शिरला तरी २४ अंशांची चूक.

घोळ होतो तो जाळीही 'अर्थ' करतात म्हणून. ती नेमकी कुठे जोडायची, हा खरा प्रश्न. थर्मोकपलची जाळी एकाच टोकाला जोडावी. दोन्हीकडे जोडली तर दोन ठिकाणच्या अर्थमधल्या व्होल्टेजच्या फरकाने जाळीतूनच ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. थर्मोकपलचं टोक धातूला टेकलेलं असेल तर जाळी भट्टीकडे जोडावी, नसेल तर पॅनेलकडे. मोटरच्या केबलचं उलटं: जाळी दोन्ही टोकांना, तीही सगळीकडून क्लॅम्पमध्ये आवळलेली. जाळी पिळून तिची दहा सेंटिमीटरची शेपटी टर्मिनलला लावणं ही सवय मला फार खटकते. १० मेगाहर्ट्झला ती शेपटी सहा ओहमच्या आसपास असते, आणि जाळीची निम्मी मेहनत तिथेच वाया जाते.

जाळीलाही मर्यादा आहे. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तांब्यात नऊ मिलिमीटर खोल शिरतं, पातळ फॉइल त्याला काय अडवणार? तिथे तारांना पीळ आणि केबलमध्ये अंतर हाच उपाय.

आमच्या भट्टीच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना कापून टेप गुंडाळलेली निघाली. केबल गेली होती मोटरच्याच ट्रेमधून. टेप सोडला, जाळी पॅनेलला जोडली, ट्रे वेगळा केला. ड्राइव्ह चालू केला, आकडा हलला नाही.