जुनी कॉमिक्स: दर्जा, विमा आणि जतन (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक मुख्यतः इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि त्या काळातली इतर भारतीय कॉमिक्स जपणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकी अंकांसाठी जिथे वेगळं काही करावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे.

आधी एक विनंती. अंक आमच्याकडे आणण्यापूर्वी त्यांना काहीही करू नका. फाटलेलं चिकटवू नका, पेनाचं नाव खोडू नका, गंजलेली पिन उचकटू नका. वयामुळे अंकाची किंमत जेवढी उतरते, त्याहून जास्त हौशी दुरुस्तीने उतरते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. पट्टी सुटते, डाग कायमचा राहतो.

हातात आहे ती प्रत नेमकी कोणती?

इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या (फँटमच्या) कथेने सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक आहेत. १९८०च्या दशकात खंड आणि अंक अशी पद्धत आली. त्यामुळे यादी करताना छापलेला क्रमांक जसाच्या तसा उतरवा, मनाने बदलू नका. भाषाही लिहा. एकाच कथेच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी प्रतींना वेगवेगळा भाव मिळतो.

अमर चित्र कथेत गोंधळ जास्त. १९६७ पासूनची लोकप्रिय शीर्षकं पुन्हापुन्हा छापली गेली आणि प्रत्येक छपाईची तारीख आत सापडेलच असं नाही. तीन गोष्टी बघा: मुखपृष्ठावरची किंमत, क्रमांक आणि अंकात छापलेली इतर शीर्षकांची यादी. क्रमांक पाचशेच्या पुढचा असेल तर ती नंतरची छपाई. मूळ मालिकेत ‘कृष्ण’ ११ व्या क्रमांकावर होता, पुढे तो ५०१ झाला. यादीत बऱ्याच नंतर निघालेल्या कथांची नावं असतील, तर किंमत कितीही कमी छापलेली असो, ती पहिली आवृत्ती नव्हे.

मुखपृष्ठ नंतर छापून लावलं असल्याची शंका असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत, फुलासारखी नक्षी करून बसलेले दिसतात. इंकजेटची शाई विस्कळीत तुषारांसारखी पडलेली असते. नक्कल चांगली असली तरी या जाळीत ती बहुतेक वेळा पकडली जाते.

दर्जा कसा ठरतो?

अमेरिकेत १० गुणांची मोजपट्टी चालते. ९.४ म्हणजे जवळपास नवा, ८.० अतिशय चांगला, ६.० चांगला पण वापरलेला, ४.० हाताळणीच्या खुणा स्पष्ट दिसणारा, २.० झिजलेला पण पूर्ण, ०.५ मोडकळीला आलेला. फ्लोरिडातली सीजीसी ही संस्था २००० पासून याच मोजपट्टीवर अंक तपासून कडक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करते. पेटीवरच्या निळ्या पट्टीचा अर्थ साधा अंक, जांभळ्याचा अर्थ दुरुस्त केलेला आणि पिवळ्याचा अर्थ त्यांच्या साक्षीने सही झालेला.

तुमच्याकडे जुने अमेरिकी अंक असतील आणि एकेका अंकाची किंमत मोठी असेल, तर तिकडे पाठवण्याचा खर्च परवडू शकतो. मराठी इंद्रजालसाठी आम्ही तो सल्ला देत नाही. जाण्यायेण्याचं टपाल, प्रवासाचा विमा आणि सीमाशुल्क यांतच अंकाची किंमत निघून जाते. इथला खरेदीदार आकड्यापेक्षा स्वच्छ फोटो आणि प्रामाणिक वर्णन मागतो.

घरी तपासायचं असेल तर हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांचे धागे ठिसूळ कडांना अडकतात. कोऱ्या पांढऱ्या कागदावर अंक ठेवा आणि टेबललॅम्प बाजूने, जवळजवळ आडवा धरा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणाऱ्या घड्या, दाबाच्या खुणा आणि पाठीजवळच्या (पिना असलेल्या दुमडीजवळच्या) बारीक रेघा या तिरप्या उजेडात उठून दिसतात. घडीच्या जागी रंग तुटून पांढरं दिसतंय का, ते बघा. रंग न तुटलेली घडी आणि रंग तुटलेली घडी यांत दर्जाचा मोठा फरक पडतो.

मग पाठ बघा. अंक एका हाताने दुमडून वाचला की पाठ कलते आणि मुखपृष्ठाची कड आतल्या पानांच्या पुढे सरकते. पुढे पिना. दमट हवेत त्या गंजतात, गंज भोवतालच्या कागदात उतरतो आणि तिथे कागद कुजून पान पिनेतून सुटतं. सर्वात आधी सुटतं ते मधलं जोडपान. म्हणून पानं नेहमी मोजा, आणि मोजताना कथेचा धागाही तपासा: मधली चार पानं नसलेला अंक वरवर बघता पूर्ण वाटतो. जाहिरातीतलं कूपन कापलेलं, शब्दकोडं पेनाने सोडवलेलं, चित्रं रंगवलेली, हे सगळं वर्णनात यायलाच हवं. पान गायब असलेल्या अंकाला बाकी कितीही चकचकीत असला तरी वरचा दर्जा मिळत नाही.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला स्केचपेनची शाई झिरपलेली दिसली तर वरची झीज रंगवून लपवली आहे. तिन्ही कडा अगदी सरळ, ताज्या आणि पांढऱ्या असतील तर त्या छाटल्या आहेत. जुन्या न्यूजप्रिंटची कड कधीच तशी राहत नाही.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे वाचनालयाची बाइंडिंग. दहा-बारा अंक एकत्र शिवून, कडा छाटून, वर रेक्झिन लावलेले असे गठ्ठे अजूनही येतात. ते उसवू नका. शिवणीची भोकं आणि छाटलेल्या कडा उसवल्याने भरून येत नाहीत, उलट पाठीचा कागद सोलला जातो. आमच्या मते असा गठ्ठा गठ्ठा म्हणूनच विकावा किंवा जपावा.

पिशवी, पुठ्ठा, डबा

न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं आणि कागदातलं आम्ल त्याचे तंतू तोडत राहतं. हे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. पॉलिएस्टर महाग, पण दशकानुदशकं टिकते. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी सात-आठ वर्षांनी, किंवा लाटा दिसू लागल्या की त्याआधीच, बदला. पीव्हीसी टाळा. नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ती पिशवी पीव्हीसीची. तिच्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि मुखपृष्ठाची शाई तिला चिकटते.

पिशवीत अंकामागे आम्लरहित पुठ्ठा हवा. त्याची एक बाजू गुळगुळीत असेल तर ती अंकाकडे ठेवा. शर्टाच्या पॅकिंगमधला पुठ्ठा चालत नाही, त्याची तपकिरी छटा मागच्या पानावर उतरते. मापं अमेरिकी अंकांची असल्याने आपल्या अंकांना पिशवी कधी सैल तर कधी घट्ट होते. खरेदीआधी अंक मोजा आणि रुंदीत साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळीक ठेवा.

अंक डब्यात उभे ठेवा. इतके सैल नकोत की कलतील, इतके घट्टही नकोत की काढताना पाठ घासेल. आडवी चळत घातली की खालच्या अंकांवर वरच्यांच्या पिना उमटतात.

पावसाळा

कागदाला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर बुरशी धरू लागते, आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये ८५ नवलाची नाही. म्हणून रबरी कडेचा, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. हे स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकतात. तपासणी सोपी आहे: बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, ते ओलसर होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका, टोपण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवा.

चाळीस लिटरच्या डब्याला २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेलपासून सुरुवात करा; जेल कापडी पुरचुंडीत, अंकांना न टेकता. आर्द्रता ३५ च्या खाली गेली तर थोडं जेल काढा, अतिकोरडा कागद वळतो आणि तडकतो. दमलेलं जेल रंग बदलतं. ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा चालतं. डबा भरायचा तो मे महिन्यात. पावसात भरलात तर दमट हवाच आत कोंडाल.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ कागदात आणि प्लास्टिकमध्ये मुरते. कसर लागलेला अंक झिपच्या दुहेरी पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

डबा माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको. आणि जमिनीवर तर अजिबात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. तळमजल्यावर राहत असाल तर डब्याची जागा वरच्या फळीवर.

अंक भिजलाच तर पानं सोडवायला जाऊ नका. चकचकीत मुखपृष्ठं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि ओढली की छपाई सोलते. आधी फोटो काढा, मग टीपकागदात ठेवा आणि तासातासाने तो बदला. पंखा खोलीत चालू, पण अंकावर नको. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य. अंक खूप असतील तर पिशव्यांत घालून फ्रीझ करा आणि आम्हाला फोन करा. बुरशीला साधारण ४८ तास पुरतात, तेवढ्या वेळात ढिगारा वाळत नाही.

विमा

सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते, तुमच्या कपाटाची नाही. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी घरातल्या वस्तूंनाही लागू होते. तिच्यात कलावस्तू आणि दुर्मिळ वस्तूंसाठी, आधीच ठरवलेल्या मूल्यावर, जादा संरक्षण घेता येतं. कॉमिक्स त्याखाली नावानिशी लिहून घ्या. नाहीतर दाव्याच्या वेळी सर्वेक्षक त्यांच्याकडे ‘जुनी पुस्तकं’ म्हणून बघेल आणि रद्दीचा भाव लावेल. या जादा संरक्षणाची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागितला जात नाही. त्यापुढे लागतो.

आग, वादळ, पूर आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे तिच्यात येतं. चोरीचं मात्र नीट वाचा: आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली चोरीच धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि ओल, बुरशी, कसर, वाळवी, हळूहळू पिवळं पडणं यांसाठी भरपाई मिळत नाही. म्हणजे आपल्या हवेत ज्या गोष्टींनी अंक खरे मरतात, त्यांवर विमा नाही, सिलिका जेल आहे.

दाव्यासाठी यादी लागते. प्रत्येक अंकाचं शीर्षक, क्रमांक, भाषा, छापील किंमत, दोषांचं वर्णन, कधी आणि कितीला घेतला, आजचं मूल्य. सोबत चार फोटो: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पाठ, मधलं जोडपान. बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपा. मूल्य लावताना कुणी किती मागतोय ते न बघता तसाच अंक प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते बघा. यादीची एक प्रत घराबाहेर ठेवा, मग ती ईमेलमध्ये असो की बहिणीकडे. दरवर्षी नूतनीकरणाच्या महिनाभर आधी मूल्यं तपासा. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीने काम झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत.

आमच्याकडे पाठवताना

पिशवीतला अंक त्याहून चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर मोठ्या दोन जाड पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. पुठ्ठ्यांच्या पन्हळी एकमेकींना काटकोनात हव्यात, म्हणजे पार्सल कुठल्याच बाजूने वाकत नाही. टेप पुठ्ठ्यालाच लावा, पिशवीला नाही. पिशवीच्या तोंडावरची टेप काढताना अंकाला चिकटून मुखपृष्ठ फाटतं. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात घाला, पोकळीत कागदाचे बोळे भरा. जुलै-ऑगस्टमध्ये पार्सलने पाठवणं शक्यतो टाळा, स्वतः आणून द्या. पार्सल आम्ही कॅमेऱ्यासमोर उघडतो आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी तुम्हाला पाठवतो. पोचेपर्यंतच्या प्रवासाचा विमा ग्राहकाने घ्यायचा. परतीचा आम्ही घेतो, तुम्ही यादीत लिहिलेल्या मूल्यावर.